कंबर दुखते, पण दुखणं कुठलं?

‘बाईची कंबर दुखायचीच’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पांढरं पाणी जाणं, लघवीची जळजळ, सगळं अंगावर काढलं. दवाखान्यात बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच होतं.

मग गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांचं ऐकून घेतलं, आणि आतून तपासणीही केली. खेड्यातल्या बायकांचा असा हा पहिलाच अभ्यास. १९८९ साली तो ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ४५ जणींची काहीच तक्रार नव्हती. तरी तपासल्यावर ९२ जणींना स्त्रीरोग निघाले, एकेकीला सरासरी तीन-चार. निम्मे जंतुसंसर्गाचे. आणि याआधी आतून तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ!

म्हणजे नुसतं विचारून आजार कळत नाही. कंबरदुखीचंच घ्या. डॉक्टर वाकायला लावतात, मणका दाबतात, ते हाडा-स्नायूंसाठी. पाठीवर शेवटच्या बरगडीखाली हलकं ठोकल्यावर कळ आली, तर मूत्रपिंडाची शंका येते. ओटीपोट दाबून आणि आतून तपासून गर्भाशयाची सूज कळते. दुखणं एकाच जागी, पण कारणं तीन आणि औषधंही वेगळी.

म्हणून नुसती दुखण्याची गोळी घेऊन परतायचं नाही. ‘तपासून बघा’ म्हणायचं. लाज वाटली तर गटातली मैत्रीण सोबत न्यायची. त्या ६५० जणींनी लाज बाजूला ठेवली, म्हणून आपलं दुखणं जगाला दिसलं.