वाय-फाय पत्ता-वाटपातील बिघाड (लिनक्स)

लिनक्सवर चालणारा लॅपटॉप वाय-फायशी जोडला जाऊनही त्याला आयपी पत्ता न मिळणे, हा पत्ता-वाटपातील बिघाड होय. पत्ता सहसा राउटरमधील डीएचसीपी सेवा ठरावीक मुदतीसाठी देते. तिचे प्रचलित मानक (आरएफसी २१३१) मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. शोध, देकार, मागणी आणि मान्यता अशा चार संदेशांत हा व्यवहार पुरा होतो.

देकार न आल्यास विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. लिनक्सवरील नेटवर्कमॅनेजर मात्र सहसा ४५ सेकंद वाट पाहून जोडणीच सोडून देतो. त्यामुळे पासवर्ड चुकल्याचा गैरसमज होतो. खरे कारण जर्नलसीटीएल या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत सापडते.

नेमका दोष ओळखण्यासाठी लॅपटॉपला त्याच जाळ्यातील एखादा मोकळा पत्ता हाताने द्यावा. राउटरकडून पिंगला उत्तर आले, तर चालक आज्ञावली ठीक असून दोष वाटपात आहे, असे मानता येते. राउटरजवळचे पत्ते संपणे हे त्याचे एक कारण असते. वसतिगृहात निघून गेलेल्या फोनचे पत्तेही मुदत संपेपर्यंत अडून राहतात.

रत्नागिरीसारख्या कोकणातील जिल्ह्यात पावसाळ्यात वीज वारंवार जाते. अनेक घरगुती राउटर पुन्हा सुरू होताना वाटपाची यादी विसरतात, आणि एकच पत्ता दोन यंत्रांकडे जाऊ शकतो. अशा वेळी लॅपटॉपची जोडणी तोडून पुन्हा जोडणे बहुधा पुरेसे ठरते. पत्ता मिळूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर डीएनएस तपासावे; तो दोष निराळा आहे.