सोळा आणे पीक ते खुंटी-दोरी

तालुक्यात यंदा ज्वारी किती पिकली? शेत न् शेत मोजणे कोणत्याच सरकारला झेपणारे नाही. इंग्रजी अमदानीत म्हणूनच अंदाज नजरेने बांधला जाई. भरघोस हंगामाचे पीक सोळा आणे धरायचे आणि यंदाचे त्या मानाने आठ आणे की बारा, हे महसुली अधिकाऱ्याने शिवारात फिरून ठरवायचे. ही आणेवारी. पुढे आणे गेले, पैसेवारी आली.

संख्याशास्त्रात तालुक्यातली सगळी शेते ही समष्टी आणि प्रत्यक्ष तपासलेली शेते हा नमुना. आणेवारीतही नमुना होताच. पण रस्त्याकडेचे शेत नजरेत भरणार, आडबाजूचे राहून जाणार. अशा नमुन्याची चूक किती, हे सांगायला मार्गच नव्हता.

तो मार्ग दाखवला जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने. १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओरिसात त्याने चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जागा निवडल्या आणि छोट्या त्रिकोणी चौकटीत येईल तेवढाच भात कापून मोजला. १९३७पासून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी हेच तत्त्व बंगालच्या तागाला लावले. चाळीसच्या दशकातली एक तुलना थक्क करणारी आहे. सरकारी यंत्रणेने शेतामागून शेत मोजून तागाचा आकडा काढला ६३ लाख गाठी. नमुना पाहणीने काढला ७५.४ लाख. व्यापाराच्या नोंदींतून निघाला ७५.६ लाख! समष्टी मोजायला निघालेली प्रचंड फौज चुकली आणि मोजकी, शिकवलेली माणसे नेमकी ठरली.

पण कापायचा तुकडा छोटा म्हणजे किती छोटा? इथे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी महालनोबिसांशी वाद घातला. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने कड जास्त, आणि कडेवरचे रोप आत घ्यावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. त्यामुळे उत्पन्न फुगते, हे त्यांनी १९४६ साली 'नेचर'मध्ये मांडले. मोठ्या तुकड्यांचा त्यांचा आग्रह देशभर रुजला, तरी पश्चिम बंगालने आपले छोटे वर्तुळ सोडले नाही.

आजचा पीक कापणी प्रयोग तिथूनच आला. आधी गाव, मग गट नंबर चिठ्ठीने ठरतो. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून यादृच्छिक अंकांच्या कोष्टकात येतील तेवढी पावले लांबीला आणि रुंदीला टाकायची, तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणायची. पीक खुरटलेले असो की तरारलेले, खुंटी हलवायची नाही. या शिस्तीवरच सगळा प्रयोग उभा आहे. दोरीच्या आतले सगळे कापून, मळून, उफणून काट्यावर चढते.

२०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही भरपाई मुख्यतः याच वजनांवर ठरवली गेली. एका पिकासाठी महसूल मंडळात किमान दहा प्रयोग. शेतकऱ्याची तक्रार असते, माझे शेत झोपले तरी मंडळाची सरासरी चांगली कशी? त्याचे दुःख खरे आहे, पण ते दहा तुकडे मंडळाबद्दल बोलतात, त्याच्या बांधाआडच्या पिकाबद्दल नाही. मंडळाऐवजी गाव हा घटक धरला, तर प्रत्येक गावात निदान चार प्रयोग लागतात. मंडळात वीस गावे असतील तर दहाच्या जागी ऐंशी, आणि तेही कापणीच्या त्याच आठ-पंधरा दिवसांत.