ऊन पाण्याचे मोल

इंग्रजांच्या घरी जेवण आटोपले की मोरीत एक पसरट भांडे ठेवतात, त्यात कढत पाणी व साबण घालतात आणि त्या एकाच पाण्यात सारी भांडी धुऊन काढतात. आधी काचेचे पेले, मग काटे-चमचे, मग बशा आणि अगदी शेवटी तेलकट तवे, असा क्रम. पुष्कळ घरी फेस निथळला की काम संपले. वरून स्वच्छ पाणी घालण्याची चालच नाही. मराठी माणसाच्या लेखी मात्र अशी बशी खरकटीच राहते.

या चालीचे मूळ ऊन पाण्याच्या टंचाईत सापडते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील सामान्य घरी ऊन पाणी म्हणजे कोळशाच्या शेगडीवर तापविलेली किटली किंवा हंडा. मांसाची चरबी थंड पाण्यात थिजते. तेव्हा ते थोडके कढत पाणी, त्यात धुण्याचा सोडा टाकून, शेवटच्या तव्यापर्यंत पुरवावे लागे. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने गॅसच्या ज्योतीवर पाणी तापविणारे यंत्र काढले व त्यास आइसलंडातील उष्णोदकाच्या कारंज्याचे नाव दिले : गीझर. धूर बाहेर जाण्यास त्याला धुराडे नव्हते, म्हणून ते धोक्याचेच होते.

पुढे नळ आले, तेही दोन निराळे. थंड पाणी थेट रस्त्याच्या नळातून येई. ऊन पाणी माळ्यावरील टाकीतून येई व ते पिण्याजोगे मानीत नसत. दोहोंचा संयोग नळात होऊ नये असे निर्बंध होते. तो व्हायचा कोठे? त्याच पसरट भांड्यात!

मराठी घरात ऊन पाणी होते, पण तांब्याच्या बंबात आणि स्नानापुरते. भांड्यांना चुलीतली राख, नारळाचा काथ्या व थंड पाणी. गोडे तेल सहसा थिजत नाही, आणि राखेतला क्षार सोड्याप्रमाणेच तेलकटपणा तोडतो. त्यामुळे ऊन पाण्यावाचून अडत नसे. वरून तांब्यामागून तांब्या पाणी ओतण्याचा हा थाट मात्र विहिरीवर रहाट ओढणाऱ्या बायकांच्या हातांवर चाले, ही गोष्ट सोवळ्याच्या अभिमानात सहसा कोणी आठवत नाही.

आता शहरांतील बहुतेक चुली विझल्या, राखही गेली. बंबाच्या जागी गीझर आला, तोही बहुधा विजेचा. भांडी मात्र अनेक घरी अजून गार पाण्यानेच विसळली जातात.