गूळ, चुना आणि पारचा पूल

चिंचवडला पवनेवर पुलाचं काम निघालं की आमची आजी आम्हा मुलांना तिन्हीसांजेनंतर नदीकडे फिरकू देत नसे. ‘पुलाच्या पायात पोरं पुरतात,’ असं ती सांगे आणि आम्ही मनापासून भ्यायचो. पुढे कळलं, ही भीती एकट्या चिंचवडची नाही. ग्रीसमधल्या आर्टाच्या पुलाची कथा अशीच आहे. दिवसा बांधलेलं रात्री ढासळतं, शेवटी मुख्य गवंड्याची बायको पायात चिणली जाते आणि मग पूल उभा राहतो. शेजारच्या कन्नड मुलखात ‘केरेगे हार’ या लोकगीतात तळ्याला पाणी लागावं म्हणून धाकट्या सुनेचा बळी जातो. बळी बहुधा बाईचाच, हेही लक्षात घ्यावं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी प्रतापगडाच्या पायथ्याशी, पार गावी गेलो. महाबळेश्वरावरून कोकणात उतरणारी जुनी वाट इथून जाते. १६५९ साली अफझलखान रडतोंडी घाटाने उतरला, तेव्हा त्याची छावणी याच गावी पडली होती. गावात रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि कोयनेवर शिवाजी महाराजांनी बांधवला म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल.

कोयना इथे लहानच आहे. पण तिच्या माथ्यावर महाबळेश्वरचा पाऊस, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर! पुलाचे खांब जाड, आणि प्रवाहाच्या तोंडाशी त्यांना त्रिकोणी टोकं काढलेली. पाणी खांबावर आदळत नाही, दुभंगतं आणि कमानीतून निघून जातं. कमानीचं गणितही साधं. वरून भार आला की दगड एकमेकांवर अधिकच दाबले जातात, आणि दाब सोसण्यात दगडासारखा दुसरा नाही.

आपल्याकडे कुठल्याही जुन्या भिंतीपाशी उभं राहा, कुणीतरी सांगतंच, ‘चुन्यात गूळ घातलाय, म्हणून टिकलंय.’ गूळ, बेलफळ, हिरडा चुन्यात घालत, हे खरं. बैलाच्या घाणीत चुना मळत, हेही खरं. पण बळी काय किंवा गूळ काय, या कथांमध्ये पूल एकदा बांधला की काम संपतं. प्रत्यक्षात दरजांतला चुना धुपतो, तो पुन्हा भरावा लागतो. फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपटावं लागतं. पायाखालची माती वाहून गेली का, हे दर पावसाळ्यानंतर खाली उतरून बघावं लागतं. हे करणाऱ्या माणसाची गोष्ट मी तरी कुठे ऐकलेली नाही.

इथून घाट उतरून गेलं की महाड. तिथला सावित्रीवरचा १९२८ सालचा पूलही दगडी कमानींचाच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो कोसळला आणि दोन एसटी गाड्यांतली माणसं वाहून गेली. तेव्हा ‘इंग्रजांचा पडला, महाराजांचा उभा आहे’ असं पुष्कळ बोललं गेलं. मला ते पटलं नाही. महाडची सावित्री केवढी आणि पारची कोयना केवढी!

आणि आमच्या भागात तर दगडाचाही प्रश्न नव्हता. इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवर लोखंडी पूल होता, जेमतेम तीस वर्षांचा. तो धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं. १५ जून २०२५ ला, रविवारच्या गर्दीत तो कोसळला. चार माणसं गेली. बातमी ऐकली तेव्हा आजी आठवली. तिचं कारण चुकीचं होतं, पण ती पोरांना पुलापासून लांब ठेवत होती.