कान की मोजमाप?

१/ महागडे हाय-फाय यंत्र घरी आणल्यावर ‘आकडे उत्तम, मग आवाज का रुचत नाही?’ ही रुखरुख अनेकांना लागते. महाराष्ट्राने हा पेच शतकापूर्वीच अनुभवला आहे.

२/ सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी स्वरांची मोजमापे करून १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांसाठी गायले. पुढे सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या पुढाकाराने खास श्रुती-हार्मोनियम घडली.

३/ १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत ती मांडली गेली. पण जाणत्या गायकांच्या कानांना तिचे स्वर पटले नाहीत.

४/ कारण गायकाचा गंधार रागागणिक किंचित हलतो. पेटी त्याला एका जागी खिळवते. आकडा कंपने सांगतो. रुची मात्र सरावलेला कानच ठरवतो.