फरीदाबादचा यमुनाकाठ
हरियाणातील फरीदाबाद जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील, यमुनेच्या उजव्या काठचा ग्रामीण पट्टा. जहांगीरचा खजिनदार शेख फरीद याने 1607 मध्ये वसवलेले फरीदाबाद शहर आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. काठावरच्या गावांचा इतिहास मात्र नदीच्या सरकण्याने घडला आहे. पुराखाली जाणारी नव्या गाळाची जमीन ती खादर आणि पुरापासून सुरक्षित, उंचावरची ती बांगर. पाणी ओसरले की रेतीत चर खणून, शेणखत भरून काकडी, टरबूज लावतात. थंड वाऱ्याला आडोसा म्हणून गवताची ताटे उभारतात. कृष्णाकाठच्या मळईतल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतल्या, शेतीसारखीच ही शेती नदीच्या भरवशावर चालते.

पूर्वी यमुनेचा मुख्य प्रवाह हीच हरियाणा आणि उत्तर प्रदेश या दोन राज्यांमधील हद्द होती. पात्र हलले की एका तीरावरच्या शेतकऱ्याची जमीन दुसऱ्या तीराला जाई. तत्कालीन केंद्रीय मंत्री उमाशंकर दीक्षित यांच्या निवाड्यानुसार 1979 च्या कायद्याने हद्द स्थिर केली, पण नदी स्थिर झाली नाही. म्हणून तंटे उरले. 1874 मध्ये सुरू झालेल्या आग्रा कालव्याने आणि कारखानदारीने नदीवरचे अवलंबित्व संपवले, असा आक्षेप घेता येईल. तो अपुरा आहे. त्या कालव्याचे पाणीही ओखल्याजवळ यमुनेतूनच घेतलेले आहे, आणि जुलै 2023 च्या पुरात खादरातील शेते व वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या. नव्या वसाहतींना परवानगी देताना खादराची सीमा आधी पाहिली पाहिजे.