किरणोत्सर्ग : मानवी पेशींवरील व आरोग्यावरील परिणाम

क्ष-किरण, गॅमा किरण, आल्फा व बीटा कण यांसारखी आयनीकारी प्रारणे अणूंतील इलेक्ट्रॉन उखडून टाकतात. त्यामुळे सजीव पेशींना होणारी इजा व तिचे आरोग्यावरील परिणाम यांचा विचार या नोंदीत केला आहे.

गॅमा किरण कधी डीएनएवर थेट आघात करतो. बहुधा मात्र तो पेशीतील पाण्याचे रेणू फोडतो आणि त्यातून निघालेली हायड्रॉक्सिल मूलके डीएनए तोडतात. एक धागा तुटला, तर समोरच्या धाग्याच्या आधारे पेशी तो सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटले, की दुरुस्ती चुकण्याचा संभव वाढतो. अशी पेशी विभाजनाच्या वेळी मरते किंवा बिघडलेली जनुके घेऊन जगत राहते. पेशी मोठ्या संख्येने मेल्या, तर तीव्र आजार होतो. जगलेल्या सदोष पेशींतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो.

झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना, म्हणजे अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर व केसांची मुळे यांना, झळ आधी लागते. बर्गोनिए व त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी १९०६ मध्ये हे मांडले. साऱ्या शरीराला थोड्या वेळात सुमारे १ ग्रे (शोषलेल्या प्रारणाचे एकक) मात्रा मिळाल्यास काही तासांत मळमळ व उलट्या सुरू होतात. मग रुग्णाला बरे वाटू लागते. हा काळ फसवा असतो, कारण तेवढ्यात रक्तपेशींचा साठा संपत जातो आणि पुढे जंतुसंसर्ग व रक्तस्राव होतो. सुमारे ४ ग्रे मात्रेला उपचारांविना निम्मे रुग्ण दगावतात.

ब्राझीलमधील गोइयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये हे सारे घडले. बंद पडलेल्या किरणोपचार केंद्रात सोडून दिलेले यंत्र भंगारासाठी उचलले गेले. त्यातील सीझियम-१३७ ची पूड अंधारात निळसर चमके. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. आजाराचे खरे कारण प्रथम कोणाच्या ध्यानात आले नाही. अखेर भंगारवाल्याच्या पत्नीला संशय आला आणि यंत्राचा अवशेष आरोग्य कार्यालयात पोहोचला. शहर सावध झाले ते तिच्यामुळे. ती स्वतः मात्र वाचली नाही. चार मृतांत सहा वर्षांची एक मुलगीही होती. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली. २४९ जण दूषित आढळले. शरीरातील सीझियम बाहेर काढण्यासाठी प्रशियन ब्लू हे औषध वापरले गेले.

उशिराचे परिणाम काही वर्षांनी दिसतात. हिरोशिमा व नागासाकीत आधी रक्ताचा कर्करोग वाढला, इतर कर्करोग नंतर. चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर दुधावाटे आयोडीन-१३१ पोटात गेलेल्या मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला. अणुबाँब हल्ल्यांतून वाचलेल्यांच्या पुढील पिढीत आनुवंशिक दोषांची स्पष्ट वाढ आढळलेली नाही. अशा दोषांची भीती मात्र समाजात अजून टिकून आहे आणि तिचा त्रास वाचलेल्यांनाच होतो.

गोइयानियासारखाच प्रकार भारतातही घडला. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले, लिलावात विकलेले जुने उपकरण फोडले गेले व एकाचा मृत्यू झाला. पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली वस्तू भंगारात दिसल्यास ती उघडू नये, दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे.